मामासाठी धरलेली जागा

पिंपळवंडीत उतरून 'गिरणीवाली साळू' एवढंच म्हणा, कुठलंही पोर तुमचं बोट धरून तिच्या दारात नेऊन सोडेल. गिरणी तिच्या सासऱ्यानं घातलेली, पाटीवर नाव नवऱ्याचं, हौशीरामचं. पण चालवायची ती साळूच. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, आणि गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून आवाज असा चढलेला की घरात साधं 'चहा घ्या' म्हणाली तरी पावणा दचकायचा. जीभही तशीच. कुणी म्हणालं, "साळे, ज्वारी जाडसर पडली गं," की ही म्हणायची, "मग दात कशाला दिलेत देवानं?" पण अडल्यानडल्याचं दळण आधी काढून द्यायची आणि वर त्यालाच झापायची.

सासर आणि माहेर एकाच गावात. मधे एक मारुतीचं देऊळ आणि दोन बोळ. त्यामुळं दुपारी गिरणी बंद केली की ही आईकडं, सोनीबाईकडं, पाय लांबवून बसायला मोकळी. सोनीबाई म्हणजे खणखणीत बाई. नवरा होता तेव्हा त्यालाही तिच्यापुढं बोलायची छाती नव्हती, आणि गावालाही नव्हती.

साळूची एकच गोष्ट बायकांना कळत नसे. ती शिनेमाला जायची नाही. रडक्या शिनेमांची तेव्हा लाट होती, जुन्नरच्या थेटरात लागला की गावातून जीप भरून बायका जायच्या, आणि डोळे सुजवून परत यायच्या. सगळ्या जायच्या, साळू नाही. "दळण काय तुजा बाप दळंल?" असं म्हणून ती जीपकडं पाठ फिरवायची. बायका म्हणायच्या, चेंगट आहे मेली. ती चेंगट नव्हती हो. तिला कुणीतरी शिनेमाला न्यायचं कबूल केलं होतं, आणि त्याच्याशिवाय थेटरात पाऊल टाकायचं नाही असं ती अकराव्या वर्षी मनाशी ठरवून बसली होती.

तो म्हणजे तिचा मामा, चांगदेव. सोनीबाईचा पाठचा भाऊ, डिंभ्याचा. आई लवकर गेली म्हणून सोनीबाईनंच त्याला कडेवर वाढवलेला. पुढं डिंभ्याचं धरण झालं, घरदार, वावर, सगळं पाण्याखाली गेलं, आणि चांगदेव तंबूतल्या शिनेमावाल्यांबरोबर जत्रा फिरायला लागला. जीपवर भोंगा लावून ओरडायचं आणि भिंतींवर पोस्टरं चिकटवायची, हे त्याचं काम. त्याच्या अंगाला खळीचा वास यायचा. साळूला तो वास फार आवडायचा. मामा आला की ती आधी त्याच्या सदऱ्याला नाक लावायची, आणि सोनीबाई ओरडायची, "अगं, कुत्र्यावानी काय हुंगतीस!"

एक्क्याण्णव सालच्या चैत्रात मामानं तिला एक पुस्तक आणून दिलं. 'सात दिव्यांचं बेट'. कव्हरावर काळं पाणी, होडी, आणि लांब एक हिरवट उजेड. एका नावाड्याचा थोरला पोरगा वाट चुकतो आणि अशा बेटावर जाऊन पडतो, जिथून कुणालाच घरची वाट सापडत नाही. धाकटा त्याला शोधायला निघतो. सात दिवे लागले पाहिजेत, तेव्हाच वाट दिसणार. एकेका दिव्यापाशी एकेक राक्षस, बोलणारा मासा, उलटं वाहणारं पाणी, काय न् काय. मामानं स्वतः ते वाचलेलं होतं, आणि पहिला दिवा कसा लागतो ते त्यानं जीपवरच्या आवाजात वाचून दाखवलं. शेजारची म्हैस बिथरली.

"साळे, ह्याचा शिनेमा निगल बघ एक दिवस," तो म्हणाला.

"आन् मग?"

"मग काय, पयल्या खेळाला आपुन दोगं. तू जागा धरायची, मी येतोच. न्हाई आलो तर नाव बदल माजं."

आता आमच्याकडं पोरांना एक धाक घालतात, तो तुम्हालाही घातला असेल. दिवसा गोष्ट सांगायची नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. कामाच्या वेळी पोरांनी गोष्टींचा हट्ट धरू नये म्हणून कुठल्या तरी शहाण्या म्हातारीनं काढलेली ही युक्ती. पण पोरांना ती युक्ती आहे हे कुणी सांगत नाही. साळू ते पुस्तक दिवे लागल्यावरच वाचायची.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मामा यायचा होता. सोनीबाईनं सकाळीच अंगण सारवलं, ताट मांडलं, आणि भावाला सामोरी म्हणून एसटीच्या थांब्याकडं गेली. घरात धाकटा भाऊ बहिरू गोवरानं फणफणलेला. अंग आग आग होतंय, पोर रडतंय, काही केल्या राहीना. शेवटी साळूनं पुस्तक काढलं. भर दुपारी. मनात म्हणाली, हळू वाचलं तर चालत असेल. पाच दिवे झाले, सहावा झाला, बहिरू गप पडून ऐकतोय, आणि दारात आई उभी. एकटीच. तोंड काळंठिक्कर पडलेलं.

"मामा कुटंय?" साळूनं विचारलं.

सोनीबाईनं तिच्या हातातलं पुस्तक बघितलं. मग म्हणाली, "दिवसाढवळ्या गोष्टी वाचतीस आन् मलाच इचारतीस मामा कुटंय? चुकला वाट तुजा मामा. बस आता."

बस, एवढंच. पुन्हा कधी त्या घरात मामाचं नाव निघालं नाही. साळूनं ते पुस्तक फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं, सहाव्या दिव्याशी बोरीचं पान तसंच ठेवून. सातवा दिवा कसा लागतो ते तिनं वाचलं नाही. पोरीनं काय काय नवस केले! मारुतीला तेल घातलं, शनिवार धरले. एकदा तर शाळेतून पळून एसटीनं डिंभ्याला गेली, आणि जिथं मामाचं घर होतं असं तिला वाटत होतं तिथं नुसतं पाणी बघून परत आली. आईचा मार खाल्ला, पण कुठं गेली होती ते सांगितलं नाही. सोनीबाई दर भाऊबीजेला अंगणात उभी राहून, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी, चंद्राला ओवाळायची, आणि साळू आत तोंडात पदर कोंबून रडायची. माझ्यामुळं, माझ्यामुळं आईचा भाऊ गेला.

मोठी झाल्यावर कळलं नाही का तिला, की असं काही नसतं? कळलं की. डोक्याला कळलं. पण लग्नात मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं, तिथं कुणी लांबचा चुलतमामा उसना आणून उभा केला, तेव्हा तिच्या पाठीला जो गारठा लागला तो काही डोक्याचं ऐकणारा नव्हता.

आणि मग दोन हजार आठची दिवाळी तोंडावर आली. साळू गहू दळत होती. रस्त्यानं जीप गेली, वर भोंगा. गिरणीच्या आवाजात एरवी तिला बॉम्ब पडला तरी ऐकू आला नसता, पण ते नाव ऐकू आलं. 'सात दिव्यांचं बेट!' तिनं धावत जाऊन गिरणी बंद केली आणि तशीच पीठभरल्या अंगानं रस्त्यात येऊन उभी राहिली. दळणवाल्या बायकांना वाटलं पट्ट्यात हात गेला.

"शुक्रवारी, जुन्नर, दुपारी बाराचा खेळ पहिला!" भोंगा ओरडत होता.

मामा येणार. जिवंत असला तर तो कुठंही असो, ह्या खेळाला येणार, नाव बदल माजं म्हणालाय. आणि आला की त्याला विचारायचं, की मामा, माझ्यामुळंच चुकलास का रे तू? सतरा वर्षं ती ह्या एका प्रश्नावर जगत होती. नुसतं 'न्हाई गं येडे' एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

शुक्रवारी तिनं समृद्धीला, तिच्या दहा वर्षांच्या लेकीला, शाळा बुडवून बरोबर घेतलं. हौशीराम बघतच राहिला. "तू आन् शिनेमाला? ऊन बिन लागलं का?" आईला तिनं काहीच सांगितलं नाही.

थेटरच्या दारात ती दर माणसाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. आता पन्नाशीला टेकला असेल. केस पिकले असतील. दोघातिघांच्या तर इतकी जवळ गेली, की समृद्धी म्हणाली, "आई, तू माणसांचा वास का घेतीयेस?" तिकिटं तीन काढली. आत जाऊन समृद्धीला एका बाजूला बसवलं, आणि दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

दिवे जायच्या बेतात एक बाई आली. पन्नाशीची, सुती साडी, डोक्यावरून घट्ट पदर, हातात कोपरापर्यंत बांगड्या. साळूकडं बघून ती थबकली.

"ही जागा कुणाची?"

"मामाची हाय माज्या," साळू म्हणाली. "यायचाय तो."

बाई पलीकडच्या खुर्चीत बसली, आणि शिनेमा सुरू झाला. काळं पाणी, होडी, हिरवा उजेड. कॉम्प्युटरवर बनवलेला तो राक्षस पाण्यातून उठला तेव्हा समृद्धी किंचाळून आईला बिलगली. साळू पडद्याकडं बघतच नव्हती. दरवाज्याचा पडदा हलला की तिची मान वळायची. आणि पलीकडं ती बाई रडत होती, पहिल्या दिव्यापासून रडत होती. आता ह्यात रडण्यासारखं काय आहे बाई, असं साळूच्या मनात येऊन गेलं.

मध्यंतर झालं, सहावा दिवा लागला तिथंच. समृद्धी वेफर आणायला पळाली. ती बाई मामाच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिथं येऊन बसली, आणि तिनं साळूचा हात हातात घेतला. अंगठ्यानं तळवा दाबला, बांगडी भरताना दाबतात तसा. साळूला तो हात एकदम ओळखीचा वाटला.

"तुज्या लग्नात हिरवा चुडा म्याच भरला व्हता, साळू," ती म्हणाली.

साळूला आठवलं. हळदीच्या दिवशी नेहमीचा कासार आला नव्हता, ही आली होती. चुडा भरून झाल्यावरही हात सोडत नव्हती, आणि आईनं पैसे पुढं केले तर न घेताच टोपलं उचलून गेली होती. सोनीबाई तेव्हा म्हणाली होती, "काय येडी बाई!"

"त्यानं धाडलं व्हतं मला. म्हनला, मला जाता यायचं न्हाई, मामाकडनं येवढं तरी जाऊ दे. मी जहाँआरा. तुजी मामी."

आणि मग तिनं सांगितलं. जत्रेत तंबूच्या शेजारी तिचं बांगड्यांचं दुकान लागायचं. तिथं दोघांचं जमलं, लग्न केलं. भाऊबीजेला चांगदेव बहिणीला सांगायला निघाला. वाटेत कालव्याच्या मोरीवर सोनीबाई सामोरी आली, आणि त्याला घरापर्यंत दम निघेना, त्यानं तिथंच सांगून टाकलं. मुसलमानाची पोर केली, अक्का, लई गुणाची हाय. सोनीबाईनं ऐकलं आणि म्हणाली, पुन्हा माझ्या दारात, माझ्या पोरांच्या समोर आलास, तर माझं मेलेलं तोंड बघशील.

"त्यानं ती शपथ पाळली," जहाँआरा म्हणाली. "आईच्या जागी व्हती ना ती त्याला. आमी हितंच व्हतो, जुन्नरात. तुमच्या गावच्या दोगातिगांना ठावं व्हतं, पन तुज्या आईच्या धाकानं कोन बोलनार?"

"हितं? जुन्नरात?" साळूचा आवाज गिरणीतल्यासारखा चढला. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"ह्याच थेटरात. तंबू बंद पडले तवापासून हितं दारात तिकिटं फाडायचा. म्हनायचा, मी जायाचं न्हाई अशी शपथ हाय. ती आपल्या पायानं आली, तर त्यात शपथ मोडत न्हाई. पिंपळवंडीच्या बायकांची जीप आली की दारात ताठ उभा ऱ्हायचा. तू कदी आलीच न्हाईस गं बेटी."

सतरा वर्षं साळू मामाची वाट बघत थेटराकडं पाठ फिरवून बसली होती, आणि तो त्याच थेटराच्या दारात तिची वाट बघत उभा होता. जीप तिच्या गिरणीवरून जायची. नुसतं एकदा चढायचं होतं त्या जीपमध्ये, एकदा.

"कुटंय तो?" तिनं विचारलं. पण बाई त्याच्या खुर्चीत येऊन बसली तेव्हाच तिला कळलं होतं.

"आषाढात गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपत्तुर सुदिक राहिला न्हाई. पेपरात आलं व्हतं ना, ह्याचा शिनेमा निगतोय, तवापासनं नाचत व्हता. साळू पयल्या खेळाला येनार, जागा धरनार. मला म्हनला, तू पन बघ कशी वळखते मला ती. वासावरनं वळखंल." जहाँआरानं पदर तोंडाला लावला. "म्हून मी आले. म्हनलं, पोरीनं जागा धरली आसंल, ती मोकळी ऱ्हायला नको."

दिवे गेले. समृद्धी वेफर घेऊन आली, आणि आपली आई एका अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडतेय हे बघून गोंधळून गप बसली. उरलेला शिनेमा साळूनं पाहिला नाही. सतरा वर्षं राहिलेला सातवा दिवा समोर पडद्यावर लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिला डोळ्यांतल्या पाण्यापुढं काहीही दिसलं नाही.

परतीच्या एसटीत समृद्धीनंच तिला शेवट सांगितला. "अगं, सातवा दिवा बेटावर नव्हताच. त्यांच्या घरातल्या कोनाड्यातच होता. घरच्यांनी तो लावलाच नव्हता, म्हणून त्याला वाट दिसत नव्हती. एवढी सोपी आयडिया!"

"व्हय," साळू म्हणाली. "लई सोपी."

पिंपळवंडीला उतरली तेव्हा चांगलं ऊन होतं. समृद्धीला घरी पाठवून ती तडक आईकडं गेली. वाटेत मोरी लागली, तिथं थांबली नाही. मनात एकेक वाक्य भात्यातून काढावं तसं काढून ठेवलं होतं. आज सोडायची नव्हती आईला. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आपलं पाप ठेवून ही बाई सतरा वर्षं निवांत जेवली, झोपली!

सोनीबाई ओट्यावर दिवाळीच्या वाती वळत बसली होती. मांडीवर कापूस. ह्या वर्षात पार वाळली होती. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, वाती वाकड्यातिकड्या होत होत्या.

"कुटं गेलतीस गं? गिरणी बंद हाय म्हनत व्हत्या बाया."

साळू समोर बसली. काढून ठेवलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. ती म्हणाली, "आई, तुला एक गोष्ट सांगते."

"आत्ता? दिवसाउजेडी?" सोनीबाई सवयीनं म्हणाली, वातीवरची नजर न उचलता. "मामा वाट चुकतो."

"आता न्हाई चुकायचा," साळू म्हणाली. "आषाढात गेला तो. जुन्नरात व्हता समदी वर्सं. थेटराच्या दारात."

सोनीबाईचे हात थांबले. कोंबड्या अंगणात येऊन गेल्या. मग तिनं विचारलं, अगदी बारीक आवाजात, असा आवाज साळूनं तिच्या तोंडी कधी ऐकला नव्हता.

"तुला कदी दिसला न्हाई? गावात, बाजारात, कुटं?"

"न्हाई. तू शपथ घातली व्हतीस ना. त्यानं मोडली न्हाई."

"एकदाबी न्हाई?"

"न्हाई."

सोनीबाईनं मांडीवरचा सगळा कापूस दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि हंबरडा फोडला. "आरं मुडद्या! आरं, मी बोलले म्हून येवढं ऐकायचं व्हय रं? लहानपनी एक गोष्ट कदी ऐकली न्हाईस माजी, आन् हीच ऐकलीस? दर भाऊबीजेला बसले व्हते रं मी, मोडून येशील म्हून!"

बोळातल्या बायका धावत आल्या. काय झालं, काय झालं, विचारायला लागल्या. साळूनं आईचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्यांना सांगितलं, "माजा मामा गेला." एवढ्या वर्षांनी त्या घरात त्याचं नाव निघालं होतं, आणि ऊन अजून ओट्यावर होतं.